घर आधी, भूत नंतर

दादर, रविवार सकाळ

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल परवा आली. रामगोपाल वर्मांच्या ‘भूत रिटर्न्स’ या सिनेमावर लिहिलेलं पान आणि तुमच्या वाड्यातल्या फिल्मचा कच्चा कट, दोन्ही एकदमच पाठवलंस. पान लगेच वाचलं. कट मात्र काल रात्री घरातले सगळे झोपल्यावर, हेडफोन लावून, दोनदा पाहिला. त्यावर बोलायचंच आहे. पण आधी त्या पानाबद्दल लिहितो, कारण कटचं दुखणं मला त्या पानातच दिसतंय.

तू लिहिलंयस, “रामगोपाल वर्मा संपले. ज्या माणसाने ‘भूत’ केला त्यानेच हा केला, यावर विश्वास बसत नाही.” आणि मग पानभर राग. तो राग खरा आहे, हे मला कळतं. लहानपणी टीव्हीवर ‘भूत’ पाहून तू आणि तुझा भाऊ आठ दिवस जिन्यातला दिवा मालवू देत नव्हतात, हे तुझ्या आईने मला तेव्हाच सांगितलं होतं. ज्याने आपल्याला इतकं मनापासून घाबरवलं, त्याच्याशी आपलं एक नातं जडलेलं असतं. त्याचा पुढचा सिनेमा पडला की घरच्याच माणसाने शब्द फिरवल्यासारखं वाटतं.

पण ‘संपले’ या शब्दातून तुझ्या हाती काय लागलं, सांग. काहीच नाही. तो शब्द माणसाबद्दल आहे, सिनेमाबद्दल नाही. माणूस संपला की नाही हे ठरवणारे तू-मी कोण? सिनेमा कुठे फसला हे मात्र आपण बोट ठेवून सांगू शकतो. तू संकलन शिकतेस, तुला तर ते सांगता आलंच पाहिजे. राग आला ना? मग तो कितव्या मिनिटाला आला ते लिही. पडद्यावर तेव्हा काय होतं, कानात काय होतं, त्याच्या आधीच्या शॉटमध्ये काय होतं, ते लिही. तुझ्या आख्ख्या पानात एकही मिनिट नाही. मला त्याचंच वाईट वाटलं.

म्हणून आधी थोडं मागे जाऊ. हा माणूस काय करत होता, हे तुझ्या पिढीला तुकड्या-तुकड्यांनीच माहीत आहे.

हैदराबादला व्हिडिओ कॅसेटचं दुकान चालवणारा हा सिव्हिल इंजिनिअर 1989 साली ‘शिवा’ नावाचा तेलुगू सिनेमा घेऊन आला. नागार्जुन सायकलची चेन ओढून काढतो, तो प्रसंग आजही लोक सांगतात. स्टेडीकॅम तेव्हा आपल्याकडे नवा होता. कॅमेरा माणसाच्या मागे धावतोय आणि तरी हलत नाही, हे पाहून आमच्या स्टुडिओतले कॅमेरावाले अस्वस्थ झाले होते. 1992 मध्ये ‘रात’ आला. रेवती, ओम पुरी, आणि आईच्या भूमिकेत आपल्या रोहिणी हट्टंगडी. त्यात एक मांजराचं पिल्लू गाडीखाली सापडून मरतं, त्याला पुरतात, आणि ते परत येतं. बस, एवढंच. घरात दूध पिणारं एक मांजर, पण तुला माहीत असतं की ते पुरलेलं आहे. पुढे 1998 चा ‘सत्या’, 1999 चा ‘कौन’. ‘कौन’मध्ये एक घर, बाहेर पाऊस, आणि आत तीन माणसं. तेवढ्यावर त्याने लोकांचा जीव टांगणीला लावला.

आणि मग 30 मे 2003 ला ‘भूत’ लागला.

मी तो पहिल्याच आठवड्यात पाहिला, मोठ्या पडद्याच्या जुन्या थिएटरात. एकही गाणं नाही, दोन तासांच्या आत खेळ संपला. बाहेर पडताना लोक नेहमीसारखे बोलत नव्हते. आमच्या बिल्डिंगला तेव्हा जाळीच्या दरवाजाची लिफ्ट होती. दोन जाळ्या, बाहेरची ओढायची, मग आतली, आणि आतली लागताना ‘खट्ट’ असा एक कोरडा आवाज. त्या आवाजाची मला वीस वर्षांची सवय होती. त्या रात्री मी तो ऐकला नाही, चार मजले जिन्याने चढलो. सिनेमाने माझ्या रोजच्या आवाजात काहीतरी सोडून दिलं होतं.

आता नीट बघ, त्याने हे कसं केलं. आपल्याकडे भूत म्हणजे पिंपळ, पडकी विहीर, तिठा, अमावास्या. त्याला शहरातल्या बंद दरवाजाआड आणण्याचं काम मराठीत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरींनी कागदावर केव्हाच केलं होतं. मतकरींची गूढकथा तर तुझ्या-माझ्या शेजारच्या बिऱ्हाडात घडते. हिंदी पडद्यावर मात्र हवेली, धुकं, मेणबत्ती आणि किंचाळणारी बाई यातून भूत फारसं सुटलं नव्हतं. ‘भूत’ने त्याला मुंबईच्या बाराव्या मजल्यावर राहायला आणलं. खाली वॉचमन, वर जाणारी लिफ्ट, सकाळी येणारी कामवाली बाई. ती भूमिका सीमा बिस्वास यांची होती. यातलं एकही माणूस, एकही वस्तू भीतीदायक नाही. मुंबईत ज्याने घर शोधलंय त्याला हे सगळं तोंडपाठ असतं. एजंट, डिपॉझिट, बाल्कनीतून दिसणारा उजेड, आणि इतक्या भाड्यात हे घर मिळतंयच कसं, ही मनातली शंका.

आणि याहूनही मोठी गोष्ट सांगतो, कारण तुझ्या पानात ती कुठेच आलेली नाही. त्या घरात आधी राहणारी बाई वरून पडून मेली, हे नवऱ्याला घर घेतानाच कळलेलं असतं. तो बायकोला सांगत नाही. तो वाईट माणूस नाही, त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, आणि घर चांगलं आहे. अशी लपवाछपवी कुठल्या संसारात होत नाही? भूत नंतर आलं, हे आधी आलं. त्यानंतर ऊर्मिला मातोंडकर रात्री पलंगावरून उठते तेव्हा आपल्याला दोन भीत्या एकदम वाटतात. एक, तिला काहीतरी दिसणार याची. दुसरी, तिला कळणार की नवऱ्याने लपवलं, याची. पहिली भीती कुठलाही दिग्दर्शक विकत आणू शकतो. दुसरी लिहावी लागते.

आवाजाबद्दल मी बोलणारच, माझा जन्म त्यात गेला. त्या सिनेमात सलीम-सुलेमानचं पार्श्वसंगीत आहे, आणि ते मोठं आहे, अंगावर येतं. पण ते जिथे थांबतं तिथे घर ऐकू येतं. एखाद्या खोलीत कुणीच बोलत नसताना जे ऐकू येतं, फ्रिजची घरघर, पंख्याचा एक आळशी आवाज, खालून येणारी गाडी, त्याला आम्ही रूम टोन म्हणतो. तो रेकॉर्ड करायला गेलं की युनिटमधले लोक कंटाळतात. सगळ्यांनी मिनिटभर गप्प उभं राहायचं, आणि साध्य काय, तर शांतता टेप करायची! पण त्या शांततेशिवाय भुताला पाऊल टाकायला जमीनच नसते. रूम टोन कानात बसला की तो एखाद्या क्षणी जरा बदलला तरी छातीत धस्स होतं.

आता ये 12 ऑक्टोबर 2012 कडे. ‘भूत रिटर्न्स’.

तू दोन्ही सिनेमे एकाच रात्री लॅपटॉपवर पाहिलेस. मी दुसरा मल्टिप्लेक्समध्ये पाहिला, थ्रीडीचा चष्मा लावून. पहिल्या ‘भूत’च्या कथेशी त्याचा संबंध नाही, नाव तेवढं पुढे चालवलंय. एक कुटुंब नव्या बंगल्यात राहायला येतं. वडील जे. डी. चक्रवर्ती, म्हणजे ‘सत्या’तला सत्याच. आई मनीषा कोइराला, जी वर्मांच्याच ‘कंपनी’मध्ये होती. धाकटी मुलगी निम्मी एका न दिसणाऱ्या मैत्रिणीशी खेळते. मैत्रिणीचं नाव शब्बो.

थांब, आणि या एका ओळीकडे नीट बघ. लहान मुलगी न दिसणाऱ्या मैत्रिणीशी बोलते आणि मोठी माणसं कौतुकाने हसतात. ही कल्पना वाईट आहे का? मुळीच नाही. प्रत्येक घरात एखादं पोर असं खेळलेलं असतं. आई ताटात वाढते आणि पोर म्हणतं, शब्बोलाही वाढ. आई हसत दुसरं ताट मांडते, आणि जेवण झाल्यावर उचलायला जाते तेव्हा क्षणभर तिचा हात थांबतो. हा प्रसंग सिनेमात नाही, मी आत्ता लिहिता-लिहिता रचला. पण तुझ्या अंगावर जरासा काटा आला ना? म्हणजे बी चांगलं होतं. तू मात्र लिहिलंयस की “कथेत दमच नाही.” दम होता. तो वाया कसा गेला, हे शोधणं तुझं काम होतं.

माझ्या समजुतीने तो कॅमेऱ्यात वाया गेला. सिनेमा सुरू झाल्यापासून कॅमेरा सोफ्याखाली बसतो, छताला चिकटतो, वस्तूंच्या आडून डोकावतो, घरभर सावकाश फिरतो. पहिल्या दहा मिनिटांत मी मनाशी विचारलं, हे कोण बघतंय? भूत बघत असेल तर ठीक, मी घाबरायला तयार आहे. पण त्याच कोनातून नाश्त्याचं टेबल, त्याच कोनातून साधी घरगुती बोलाचाली. भूत सगळीकडून बघत असेल तर ते कुठेच नसतं. कोन वाकडा करण्याचा अर्थ प्रेक्षकाला एकदाच कळतो. मग दर शॉटला कोन वाकडा केलास की त्याला फक्त मान दुखल्यासारखं वाटतं. ‘रात’मध्ये कॅमेरा जमिनीलगत सरकत आला की मागे काहीतरी आहे हे कळायचं, कारण बाकी वेळ तो माणसासारखा उभा असायचा. इथे सरळ उभा राहणारा कॅमेराच नाही. म्हणून ते घर शेवटपर्यंत कुणाचं घर झालं नाही. स्वयंपाकघर कुठे, पोरांची खोली कुठल्या बाजूला, जिना किती पायऱ्यांचा, मला आज सांगता येणार नाही. ‘भूत’मधला फ्लॅट मात्र मी डोळे मिटून फिरून येईन.

संगीताचंही तेच. काही न घडणाऱ्या जागीही ते तारस्वरात. दरवाजा उघडला, धाड्! आत कुणी नाही. पुन्हा धाड्! पुन्हा कुणी नाही. लांडगा आला रे आला झालं की कानच विश्वास ठेवायचं सोडतो. तू ज्याला “कंटाळवाणं” म्हणालीस ते खरं म्हणजे कानाचं थकणं आहे. हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. कंटाळा आला तर काहीतरी घडवावं लागतं. कान थकला तर काहीतरी काढून टाकावं लागतं.

आता चष्म्याबद्दल. थ्रीडीचा चष्मा लावला की पडद्यावरचा निम्म्याहून अधिक उजेड काचेतच जिरतो. उजेडातल्या मारामारीला ते चालून जातं. भयपटाचा सगळा व्यवहार अंधाराच्या छटांवर असतो. कोपऱ्यात गडद करडं काहीतरी आहे आणि त्याच्या मागे काळं आहे, त्या दोन्हींतला फरक दिसला तर भीती. चष्म्याने तो फरकच पुसला. शिवाय वस्तू जेव्हा पडद्यातून बाहेर, आपल्या नाकापर्यंत येते, तेव्हा आपण खुर्चीत बसलोय हे आठवतं. भीतीला आपण त्या घरात असावं लागतो.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. इटलीचा दारिओ अर्जेंटो, ज्याने 1977 मध्ये ‘सुस्पिरिया’त लाल-निळ्या उजेडाने नृत्यशाळेच्या भिंती जिवंत केल्या, त्यानेही याच 2012 साली ड्रॅक्युला केला, आणि तोही थ्रीडीत. मे महिन्यात तो कान महोत्सवात दाखवला. त्यात एक अवाढव्य, संगणकावर बनवलेला प्रार्थनाकीटक (मँटिस) येतो. ज्याने नुसत्या रंगाने घाबरवलं, त्याच्या सिनेमात तो कीटक पाहताना मला फार वाईट वाटलं. एक हैदराबादचा, एक रोमचा, वयात वीसेक वर्षांचं अंतर, आणि दोघांनी एकाच वर्षी तेच यंत्र हातात घेतलं. यात मला कुणाची लबाडी दिसत नाही. जे पूर्वी हाताने, डोळ्याने, वाट बघून साधत होतं, ते यंत्र करून देईल अशी आशा दिसते. ती आशा उद्या तुलाही वाटेल. तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये तर भुताचे आवाज तयार मिळतात.

वर्मांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट कामाची आहे. 2011 साली त्यांनी ‘दोंगला मुठा’ नावाचा तेलुगू सिनेमा पाच दिवसांत चित्रित केला, फोटो काढायच्या छोट्या कॅनन कॅमेऱ्यांवर, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं घेऊन. त्या काळात ही फार धाडसाची गोष्ट होती आणि मला तिचं आजही कौतुक आहे. तुम्ही पोरं आज जो कॅमेरा घेऊन वाड्यात गेलात, त्याची वाट अशा लोकांनी मोकळी केली. पण त्यात एक धोका आहे. जुना कॅमेरा जड होता. तो सोफ्याखाली घालायचा तर सोफा उचलावा लागे, लायटिंग बदलावं लागे, चार माणसं तास-दीड तास राबत. तेवढ्या वेळात कुणीतरी विचारायचंच, “सर, हा शॉट कशासाठी?” त्या प्रश्नाने कितीतरी सिनेमे वाचले. छोटा कॅमेरा कुठेही जातो, म्हणून कुणी विचारत नाही. तो प्रश्न आता तुला स्वतःला विचारावा लागेल, आणि दर शॉटला विचारावा लागेल.

घसरण एका दिवसात झाली असंही समजू नकोस. मधल्या काळातला 2008 चा ‘फूंक’ चांगला चालला होता. त्यात आपल्या अमृता खानविलकर, अश्विनी काळसेकर होत्या, आणि त्यातलं करणीचं वातावरण मला अजून आवडतं. पण त्याच वेळी जाहिरात आली की थिएटरात एकट्याने बसून हा सिनेमा पाहील त्याला 5 लाख रुपये. लोकांना मजा वाटली. मला तेव्हा जरा खटकलं होतं. ‘भूत’च्या वेळी बाहेर आलेला माणूस शेजाऱ्याला सांगायचा की जाऊ नको, झोप लागणार नाही. तो पैज लावत नव्हता. पैज लागली की प्रेक्षक घाबरायला येत नाही, न घाबरायला येतो. 2009 च्या ‘अज्ञात’वर फार लिहीत नाही. जंगल होतं, न दिसणारं जनावर होतं, आणि शेवटी पुढच्या भागाचं आश्वासन होतं.

तर हे सगळं मला तुझ्या पानावर हवं होतं, माझ्या नव्हे, तुझ्या शब्दांत. आता पुन्हा बस. ‘भूत रिटर्न्स’ पुन्हा लाव, पण यावेळी एकदा आवाज पूर्ण बंद करून बघ आणि एकदा पडद्याकडे पाठ करून नुसता ऐक. नावडलेला सिनेमा दुसऱ्यांदा बघणं जिवावर येतं, मला माहीत आहे. पण आवडलेला सिनेमा आपल्याला वाहून नेतो, त्यातले सांधे दिसत नाहीत. फसलेल्या सिनेमाचे सगळे सांधे उघडे असतात. माझं निम्मं शिक्षण पडलेल्या सिनेमांच्या मिक्सिंगमध्ये झालं.

आता तुझा कट.

अकरा मिनिटं आहेत. वाडा फार सुंदर आहे. दिंडी दरवाजा, चौक, माजघरातला झोपाळा, मागची विहीर. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा एक कागद घेऊन बसलो आणि दचकवायच्या जागांना खुणा करत गेलो. चौदा झाल्या. पहिली चाळिसाव्या सेकंदाला. तेव्हा अजून ती मुलगी वाड्यात शिरलेलीही नाही! कॅमेरा एकदा विहिरीतून वर बघतो, एकदा कडीपाटावरून खाली, एकदा उखळातून. मी दुसऱ्यांदा पाहताना तोच प्रश्न विचारला, हे कोण बघतंय? आणि मग तुझं पान पुन्हा वाचलं. ज्यासाठी तू त्या माणसाला ‘संपले’ म्हणालीस, पोरी, ते सगळं तुझ्या अकरा मिनिटांत आहे.

हे वाचून खचू नकोस. मी हे तुला दुखवायला लिहीत नाही. तुझ्या जागी मी होतो तेव्हा मला कुणी सांगितलं नाही, म्हणून लिहितोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका भीतीच्या मालिकेचं ध्वनिसंकलन माझ्याकडे होतं. दिग्दर्शक मिक्सिंगला मागे बसायचे आणि सारखे म्हणायचे, “वर घ्या, अजून वर घ्या.” वारा वर, कुत्रं वर, दरवाजा वर, पैंजण वर, संगीत तर सगळ्यात वर. मी घेत गेलो. मला दिसत होतं की आवाजाची पातळी दाखवणारा काटा सतत टोकाला चिकटलाय, आता वर जायला जागाच नाही. पण मी बोललो नाही. एपिसोड लागला त्या रात्री माझी आई समोर बसली होती, माझं काम बघायला म्हणून. सातव्या-आठव्या मिनिटाला तिने हात लांबवून आवाज कमी केला आणि शेजारणीशी उद्याच्या बाजाराचं बोलायला लागली. तिला माझं मन दुखवायचं नव्हतं. तिला त्या गोंगाटाची भीती वाटेनाशी झाली होती. दोष त्या दिग्दर्शकांचा होता तेवढाच माझा. कान माझे होते.

तुझ्या कटमध्ये एक जागा मात्र अस्सल आहे, आणि ती तू ठरवून केलेली नसावीस. सहाव्या मिनिटाला ती मुलगी माजघरातून पाणी प्यायला जाते आणि फ्रेमच्या कडेला झोपाळा थोडासा हलत असतो. बहुधा शॉटच्या आधी तुमच्यापैकी कुणीतरी त्यावर बसलं होतं. संगीत तिथे नेमकं संपलेलं आहे, आणि कड्यांचा ‘कुर्र... कुर्र...’ असा आवाज तीनदा येतो. तिसऱ्यांदा जरा उशिरा येतो. ती वळून बघत नाही. मी हेडफोन काढून आमच्या घरात मागे वळून पाहिलं. खरंच सांगतो, पाहिलं. आणि तू काय केलंस? त्यावर लगेच कट मारून विहिरीतून हात वर काढलास, धाड् करून.

त्या झोपाळ्यापासून सगळी फिल्म पुन्हा बांध. विहिरीतला हात काढून टाक. पहिली तीन मिनिटं काहीही घडू देऊ नकोस. मुलगी वाड्यात येते, आजीच्या माघारी सामान आवरायला आली आहे, एवढं तुझ्या कथेत आहेच. तिला आवरू दे. आजी कुठे बसायची ते दिसू दे. झोपाळ्यावर ती कशी एक पाय जमिनीला टेकवून झोका घ्यायची हे फोनवर बोलताना सहज येऊ दे. एकदा दिवसा मुलीला स्वतः त्या झोपाळ्यावर बसव, म्हणजे कड्यांचा आवाज आम्हाला कळेल आणि आवडेलही. मग रात्री तो आवाज आला की तुला धाड् करावं लागणार नाही. आणि ‘भूत’मधल्या नवऱ्यासारखं काहीतरी शोध. या मुलीने कुणापासून काय लपवलंय? आजी शेवटी बोलावत होती आणि ही आली नाही, असं काही आहे का? तुझ्या संवादांत एका ठिकाणी ती फोनवर म्हणते, “हो, मी आले होते की दिवाळीत.” ती ते जरा घाईने म्हणते. ती खोटं बोलत असेल तर तुझी फिल्म तिथे आहे.

कॅमेरा पूर्णवेळ माणसाच्या उंचीवर ठेव. अकरा मिनिटांत एकदाच, फक्त एकदाच खाली ने, जमिनीलगत, जिथून टेकलेला पाय दिसेल. कुठे न्यायचा ते तू ठरव. मी सांगणार नाही.

हे जमल्यावर पान पुन्हा लिही. तेव्हा तुला वर्मांबद्दल वेगळं लिहावंसं वाटेल, असा माझा अंदाज आहे. कडक लिही, हरकत नाही, सिनेमा फसलाय तो फसलाच आहे. पण ‘भूत’मध्ये बारावा मजला ज्याने जपून मांडला, त्याच्याकडूनच तुला ही मोजपट्टी मिळाली, हेही त्यात येऊ दे.

आणि एक काम लगेच करायचं. येत्या शनिवारी वाड्यात जाणार आहात ना, तेव्हा रात्री दोनच्या सुमाराला सगळ्यांना बाहेर काढ, फ्रिजचं बटण बंद कर, मोबाईल बंद करायला लाव, आणि माजघराच्या मधोमध रेकॉर्डर ठेवून दहा मिनिटं रेकॉर्ड कर. चौकात वेगळी दहा मिनिटं, विहिरीपाशी वेगळी. आत कुणी थांबायचं नाही, श्वाससुद्धा ऐकू येतो. माझा जुना रेकॉर्डर उद्या कुरिअरने पाठवतोय, माइकची स्पंजची टोपी त्याच पिशवीत आहे, सेल मात्र नवे घाल. मग झोपाळा वेगळा रेकॉर्ड करायचा, रिकामा आणि भरलेला. तोपर्यंत कुणी हौसेने त्याच्या कड्यांना तेल घालणार नाही एवढं बघ.

तुझा,
काका